माझे निशाण कुठे गेले?

२० मे २०२४ चा दिवस. आमच्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मतदान होते. ऊन असे की दहा वाजताच अंगण तापले होते. आमची आत्या सकाळी लवकर उठली, धुतलेले लुगडे नेसली, मतदानाचे ओळखपत्र पदराच्या गाठीला बांधले आणि शाळेकडे गेली. तासाभराने परत आली ती ओसरीवर बसूनच राहिली. सुनेने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, तोही तिने उचलला नाही.

"आत्या, काय झाले? ऊन लागले का?" मी विचारले.

"अरे, माझं निशाण कुठं गेलं?" ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. विळा-हातोडा कुठंच नाही. मागं ही रांग! तो मास्तर म्हणतो, आजी, आटपा. मग मला वाटेत पोरांनी सांगितलं होतं ते आठवलं. तुतारी. तुतारी दाबली आणि आले."

मी म्हणालो, "बरोबर केलेस. यंदा आपले मत तुतारीलाच द्यायचे ठरले आहे."

"कुणी ठरवलं?" तिने विचारले.

ह्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. आज हा लेख लिहितो आहे तो त्यासाठीच. गावोगावी आत्यासारखी माणसे आहेत. मोर्चा लाल बावट्याचा असला की ती भाकरी बांधून निघतात. निवडणूक आली की मात्र त्यांना आपले असे काहीच सापडत नाही. ह्या मंडळींची तक्रार कुणी फारशी ऐकून घेत नाही, कारण ती मोजायला गेले तर थोडी भरतात. पण तक्रार खरी आहे आणि ती साऱ्याच मतदारांच्या कामाची आहे.

एकशेऐंशी किलोमीटर

आत्याचे आणि त्या निशाणाचे नाते कागदावरचे नाही. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला, त्यात ती होती. कसलेली वनजमीन नावावर व्हावी, कर्जमाफी नीट व्हावी, मालाला भाव मिळावा, म्हाताऱ्यांचे निराधार मानधन वाढावे, अशा मागण्या होत्या. कसारा घाट उतरून, हमरस्त्याच्या कडेने, जवळजवळ एकशेऐंशी किलोमीटर चालून हजारो माणसे मुंबईत पोहोचली. पुष्कळांच्या वहाणा वाटेतच तुटल्या. तळपायाची कातडी सोलून निघालेली छायाचित्रे त्या वेळी साऱ्या देशाने पाहिली.

११ मार्चच्या रात्री मोर्चा मुंबईत शिरून मुक्कामाला होता. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता. दिवसा चाललो तर रस्ते अडतील, पोरांना परीक्षेला पोहोचता येणार नाही, म्हणून ही दमलेली माणसे रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत चालत आझाद मैदानावर गेली. आत्या आजही सांगते, "घोषणा दिल्या नाहीत. पोरं झोपली असतील म्हणून गप चाललो." १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यातले किती पुरे झाले हा वेगळा विषय आहे. एवढे सांगितले म्हणजे पुरे की पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुन्हा नाशिकहून चालायला निघावे लागले. आणि मार्च २०२३ मध्ये कांदा मातीमोल झाला तेव्हा दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदपर्यंत गेला, तेव्हा कुठे क्विंटलला ३५० रुपये अनुदान पदरात पडले. मागणी ६०० ची होती.

म्हणजे लाल बावट्याने काहीच दिले नाही असे आमच्याकडचा कोणीही म्हणणार नाही. दिले ते चालून मिळवून दिले. अडते ते मतपेटीपाशी.

गणित बरोबर, पण हिशेब चुकला

२०१९ च्या लोकसभेला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित दिंडोरीतून उभे होते. त्यांना लाखाच्या वर मते पडली आणि ते तिसरे आले. भाजपच्या डॉ. भारती पवार निवडून आल्या, पुढे केंद्रात राज्यमंत्री झाल्या. २०२४ मध्ये गावितांनी पुन्हा अर्ज भरला होता, पण विरोधकांची मते फुटू नयेत म्हणून ६ मे रोजी त्यांनी तो मागे घेतला आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे यांना पाठिंबा दिला. भगरे लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. कागदावरचे गणित बरोबर ठरले.

पण ४ जूनला निकाल लागला तेव्हा दूरदर्शन संचासमोर बसलेल्या आमच्या घरात वेगळेच काही घडले. तिसऱ्या क्रमांकावर कोण, तर एक अपक्ष उमेदवार. आडनाव भगरे. चिन्ह तुतारी. मते लाखाच्या वर! राष्ट्रवादीचे चिन्ह होते 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि ह्या अपक्षाला यादीतून मिळालेले चिन्ह होते नुसती 'तुतारी'. कायद्यात बसणारी गोष्ट आहे. ती सगळी मते चुकून पडली असेही कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण एक मत कसे पडले हे मला ठाऊक आहे. आत्या बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "माझ्या तुतारीपाशी माणूस नव्हता रे."

त्या दिवशी आमच्या घरात विजय झाला असे कोणाला वाटले नाही.

विचार केला तर ह्यात आत्याचा दोष कोणता? पन्नास वर्षे एका निशाणावर बोट ठेवणाऱ्या बाईला पंधरा दिवस आधी निशाण बदलल्याचे सांगितले, तेही वाटेत, पोरांच्या तोंडून. पुढारी एकत्र बसतात, जागा वाटून घेतात, माघारी ठरवतात. मतदाराच्या दारी येऊन 'आपण असे का करतो आहोत' हे समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. आघाडी वाईट नाही. दुष्काळात दोघांनी मिळून एक विहीर खणावी तसे ते आहे. पण विहीर कुठे खणली हे घरच्यांना तरी सांगितले पाहिजे.

आणि पाळी दोन्ही बाजूंनी यायला हवी. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला कळवण आणि डहाणू माकपला सुटले, हे मान्य केले पाहिजे. पण सोलापूर शहर मध्य येथे, पूर्वी तीन वेळा आमदार झालेले नरसय्या आडम उभे असतानाच काँग्रेसनेही आपला उमेदवार दिला. रायगडातल्या उरणला शेतकरी कामगार पक्ष आणि ठाकऱ्यांची शिवसेना एकमेकांसमोर लढले. दोघांची मते मिळवली तर निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा ती कितीतरी जास्त भरतात. माघारीची वेळ आली की धाकट्याने समजूतदारपणा दाखवायचा आणि वाटणीची वेळ आली की थोरल्याने हात आखडायचा, असे भाऊबंदकीत चालते. तसेच इथेही.

कांद्याचे पाणी

राष्ट्रीय राजकारणाचा आमचा अनुभव कांद्यातून आलेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. चाळीतला कांदा सडू लागला, आणि बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, आमच्याकडे प्रचाराचे कर्णे वाजत असताना. लोक चिडले होते, त्यांनी मतातून राग काढला.

मग सहा महिन्यांत काय झाले? ज्या सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून आमचा लोकसभा मतदारसंघ होतो, त्या सहाही जागा नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने जिंकल्या. कळवणला ह्या वेळी यंत्रावर आत्याचे निशाण होते. तिने ते नीट पाहून दाबले. गावित पडले. राज्यातल्या २८८ जागांत डाव्यांचे उरले दोन: डहाणूत माकपचा एक, सांगोल्यात शेकापचा एक.

शहरातले लोक म्हणतात, लाडक्या बहिणीच्या दीड हजारांनी मते फिरवली. आमच्याही घरात दोघींच्या खात्यात ते पैसे आले. एकीने त्यातून शिलाई यंत्राचा हप्ता फेडला. गरीब बाईच्या हातात चार पैसे आले तर डाव्या विचाराच्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत. माझी तक्रार निराळी आहे. पैसे आले, पण कांद्याच्या धोरणाचे काय, हा प्रश्न सभेत कोणी विचारलाच नाही. निर्यात शुल्क पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. पण मधल्या दीड वर्षात ज्याचे गेले त्याचे गेले, आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा हे ठरवण्याआधीच निवडणुका संपल्या होत्या.

आमच्या घरातलेही चुकले

सगळा दोष दुसऱ्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. १९७७ साली महाराष्ट्रातून माकपचे तीन आणि शेकापचे पाच खासदार दिल्लीला गेले होते. आज विश्वास बसणार नाही, पण तेव्हा लातूर, परभणी, नांदेडही शेकापकडे होते. २००४ साली देशभरात डाव्या आघाडीचे ५९ खासदार होते. त्यांच्या पाठिंब्यावर केंद्रातले सरकार टिकले होते, त्याच काळात २००५ चा रोजगार हमीचा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा झाला. आत्याच्या जमिनीचा दावा ज्या कायद्याखाली आहे तो हाच. २०२४ च्या लोकसभेत डाव्यांचे देशभरात उरले आठ.

असे का झाले? त्याला बाहेरची कारणे आहेत तशी घरातलीही आहेत. बंगालात सलग ३४ वर्षे राज्य करणाऱ्या डाव्या आघाडीच्या काळात कारखान्यांसाठी सिंगूर आणि नंदिग्रामच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायचा घाट घातला गेला. १४ मार्च २००७ ला नंदिग्रामात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. कसणाऱ्याच्या जमिनीसाठी लढणारा पक्ष कसणाऱ्यावरच गोळी चालवतो, हे वाचून इथल्या आमच्यासारख्यांना जेवण गेले नव्हते. आणि महाराष्ट्रात लाल झेंडे किती होते? भाकप, माकप, शेकाप, लाल निशाण. प्रत्येकाची सभा वेगळी, प्रत्येकाचे म्हणणे थोडे वेगळे. शेतकऱ्याला ते वेगळेपण कधी समजले नाही.

गावातली निवडणूक

दिल्ली दूर आहे, निदान गावचा कारभार तरी आपला असावा, असे म्हणावे तर तिथेही तेच.

आमच्या शेजारच्या देवळा तालुक्यातले उमराणे गाव २०२१ च्या जानेवारीत साऱ्या महाराष्ट्रात गाजले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाची बोली लागली, आणि ती दोन कोटींच्या वर गेली. पैसे देवळाच्या कामाला द्यायचे होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही अशीच बोली झाली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या, हे चांगलेच झाले. पण देवाच्या नावावर पद विकत घेणारा पुढची पाच वर्षे काय करील, हा प्रश्न बोली लागली तेव्हा किती जणांना पडला?

बरे, सरपंच कोणी निवडायचा हेही ठरेना. २०१७ मध्ये सरकारने थेट जनतेतून सरपंच आणला. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते रद्द करून निवड सदस्यांकडे दिली. २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा थेट केली. पाच वर्षांत तीन नियम! ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, तरी निकालाच्या रात्री प्रत्येक पक्ष 'आमच्या इतक्या ग्रामपंचायती' म्हणून आकडे सांगतो. साऱ्यांचे आकडे मिळवले तर गावांपेक्षा जास्त भरतात.

जिल्हा परिषदेची तऱ्हा आणखी वेगळी. पंचायत राज्याची घटनादुरुस्ती झाली १९९२ साली. मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असे घटनेतच लिहिले आहे. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा खटला चालू होता, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचे असेच झाले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या. मधली तीन वर्षे अंगणवाडीचे छत गळते, दवाखान्यात औषध नाही, हे कोणाला सांगायचे? पूर्वी गटाचा सदस्य निदान बाजाराच्या दिवशी गाठता यायचा.

चार मते

आता माझे सांगतो. हे सांगितल्याशिवाय वरचे सारे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१५ जानेवारी २०२१ ला आमच्याही गावात ग्रामपंचायतीचे मतदान झाले. आमच्या वॉर्डात एक मजूर बाई उभी होती. आत्याबरोबर मुंबईपर्यंत चाललेली. रोजगार हमीच्या कामाची मागणी कशी लिहायची, पोच कशी घ्यायची, हे गावातल्या बायकांना तिनेच शिकवले. दुसऱ्या बाजूला माझ्या चुलतभावाचे पॅनेल होते. सोसायटीत त्याचे वजन, आणि मला खरिपासाठी कर्ज हवे होते. भाऊ घरी आला, चहा प्याला, काहीच बोलला नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

मी पॅनेलला मत दिले. घरातल्यांनाही तसेच सांगितले. आत्याला सांगण्याची हिंमत झाली नाही. ती मजूर बाई चार मतांनी पडली. आत्या सोडून आमच्या घरात मते चार आहेत. ती चारही फिरली असती तर ती बाई चारांच्या फरकाने पुढे गेली असती आणि निवडून आली असती. हा हिशेब आत्याला येतो. तिने तो कधी बोलून दाखवला नाही.

तेव्हापासून मला कळले, की मोर्चाला एक झेंडा आणि मताला दुसरा, असे आम्ही का करतो. मोर्चात सारे मिळून असतो, म्हणून भीती नसते. मत देताना माणूस एकटा असतो आणि त्याच्याबरोबर सोसायटी, भाऊबंद, रोहित्र, रेशनचे दुकान, सगळे आत शिरते. मतदान गुप्त असते म्हणतात, पण गरजूचे मत गावात सगळ्यांना ठाऊक असते. ही गरज जोवर दुसऱ्याच्या हातात आहे, तोवर मत आपल्या हातात आहे असे म्हणणे अर्धेच खरे.

वही

मग करायचे काय? मत देणे सोडावे, हे आत्याला मान्य नाही. "चालायचं सोडलं नाही, तर बटण दाबायचं का सोडू?" असे ती म्हणते.

आम्ही घरात एक साधी गोष्ट सुरू केली आहे. कांद्याच्या पट्ट्या जिथे ठेवतो, त्या पिशवीत एक शंभर पानी वही ठेवली. निवडणुकीत दारी आलेला प्रत्येक कागद तिच्यात चिकटवायचा. कोण आले, कोणत्या तारखेला, काय देतो म्हणाले, हे घरातल्या शाळकरी पोराने लिहायचे. पक्ष कोणताही असो, आपलाही. आणि वही घरात ठेवायची नाही, ग्रामसभेत न्यायची.

ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. आपल्याकडे तेवढी जमत नाहीत. पुष्कळ गावांत सह्या मागाहून घरोघरी फिरवून घेतात, आणि आपणही न वाचता अंगठा देतो. त्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, हे तर कित्येक बायकांना ठाऊकच नाही. ग्रामसभेला बोली लागत नाही, जागावाटप नसते, चिन्हही नसते. तिथे फक्त विचारायचे असते. पण तिथे जाणे आपल्यालाच जड जाते, हेही खरे.

गेल्या १५ ऑगस्टच्या सभेत आत्या उठून उभी राहिली. वनहक्काचा दावा समितीकडून पुढे उपविभागात गेला, तिथे किती दिवस पडला आहे, हे तिने तारखेसह विचारले. उत्तर मिळाले नाही. पण तिचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला, आणि तो लिहून झाल्यावर पोराकडून वाचून घेतल्याखेरीज ती खाली बसली नाही.

घरी आल्यावर तिने वही मागितली. पहिले पान आम्ही कोरे ठेवले होते. ती म्हणाली, "लिही. २० मे, निशाण नव्हतं, कुणी सांगितलं नाही." मी लिहिले. मग वही मिटावी म्हणून हात पुढे केला, तर तिने पानावर बोट तसेच ठेवले होते.

मी त्याखाली १५ जानेवारीची तारीख घातली आणि लिहिले: चार मते.

आत्याने बोट काढून घेतले.